आठवडाभर स्वच्छ ऊन

तेहेतीस या आकड्यावर मी आयुष्यात पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही. कोकणात निघायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी मोबाइलवर तिथलं हवामान काढलं. पुढचा आख्खा आठवडा रोज तेहेतीस अंश आणि रोज एक पिवळा गोल सूर्य. ढग नाही, पाऊस नाही, काही नाही. आणि त्या दिवशी बेंगळूरजवळच्या आमच्या होसकोट्यात होतं पस्तीस. “बघ, आपल्यापेक्षा तिथं थंड हाय,” हे म्हणाले. मी एवढी शहाणी, की बॅगेत एक शाल टाकली. पहाटे समुद्राचं वारं झोंबलं तर? ती शाल बघितली की आता मलाच माझी लाज वाटते.

आम्ही बेंगळूरचे मराठी. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि परत जायचं विसरले. माझी शाळा कन्नड. मराठी लिहायला-वाचायला वडिलांनी घरी शिकवलं, म्हणून मी लिहिते पुस्तकासारखं आणि बोलते आमच्या स्वयंपाकघरातल्यासारखं. घरी आम्ही मराठीच बोलतो, असं मी छातीठोकपणे सांगत आले. ते मराठी किती कन्नड आहे, हे सांगणारं कोणी आजवर भेटलं नव्हतं.

आमची रश्मी बेळ्ळंदूरला एका ऑफिसात आहे. ओंकार आधी तिच्याच ऑफिसात होता, मग इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागली. या दोघांच्या मध्ये रोज एवढा ट्रॅफिक पसरलेला असतो, तरी दोघं एकमेकांना भेटत राहिली. त्यावरूनच मला कळायला हवं होतं की प्रकरण पक्कं आहे. ओंकार वेंगुर्ल्याच्या पुढच्या एका गावचा. त्याची आई शैलावैनी फोनवर माझ्याशी गोड बोलल्या, पण एक प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, “मुलगी मराठीच ना?” मी दोन्ही वेळा म्हटलं, “हो हो, अगदी.” मग त्या म्हणाल्या, “आठवडाभर येऊन राहा. घर बघा, माणसं बघा. आम्हीही बघू. निघताना काय ते सांगेन.”

म्हणजे आम्ही कोकणात फिरायला नाही, निकाल ऐकायला चाललो होतो. रश्मीनं बसमध्ये माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिला तोच मुलगा हवा होता, आणि आईच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही हे ओंकारनं तिला आधीच सांगितलं होतं.

उतरल्यावर

बसच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सावंतवाडीला सकाळी ओंकार गाडी घेऊन आला होता. गाडीत एसी होता, त्यामुळे फसवणूक आणखी थोडा वेळ लांबली. घरासमोर उतरले आणि मला वाटलं, कोणीतरी माझ्या तोंडावर भाताच्या पातेल्याचं झाकण उघडलं. ऊन वाटत नव्हतं, वाफ वाटत होती! पहिली भेट म्हणून मी मैसूर सिल्क नेसले होते. खळं ओलांडून पडवीत पोचेपर्यंत ती साडी माझ्या पाठीला, पोटाला, पोटऱ्यांना जी चिकटली ती संध्याकाळी विहिरीवर आंघोळ करेपर्यंत सुटली नाही. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, हे मला तिथंच कळलं.

“किती हो तापमान?” मी ओंकारला विचारलं.

त्यानं मोबाइल बघितला. “तेहेतीसच आहे, काकी.”

तेहेतीस! आमच्याकडे पस्तिसात माणूस सावलीत उभा राहिला की सुटतो. इथं सावलीलाही घाम आलेला. पावडर लावली तर तिचा लगदा होतो, पापड डब्यातून काढून ताटात ठेवेपर्यंत मऊ पडतो, मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेलं होतं, वसंत ऋतू. मी मनात म्हटलं, हा वसंत असेल तर तुमचा उन्हाळा मला दाखवू नका.

शैलावैनी ठेंगण्या, ठसठशीत, डोळ्यांत सगळं टिपणाऱ्या. आमच्याशी त्या पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत, पण घाईत असल्या की मालवणी सुरू. “येवा, येवा, बसा. रे ओंकार, पाणी दी मरे! खंय गेलंस?” मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मराठी माणसाच्या घरात येऊन मराठी कळू नये, याचा मला जबर धक्का बसला. ओंकारचे वडील, बापू, हसून म्हणाले, “दोन दिवसांत सवय होईल.” बापूंची काजूची आणि आंब्याची बाग आहे आणि ते कोणतीही गोष्ट फार मनाला लावून घेत नाहीत, असं दिसलं.

जेवायला बसलो. वैनी भात वाढायला आल्या तेव्हा मी सवयीनं म्हटलं, “स्वल्प घाला, स्वल्प.” आमच्याकडे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे थोड्याला स्वल्प म्हणतात. बापूंचा घास हातातच राहिला.

“स्वल्प!” ते म्हणाले. “अहो, आमच्या संस्कृतच्या मास्तरांनंतर हा शब्द आज ऐकला. केवढं शुद्ध बोलतात ह्या!”

शैलावैनींनी समाधानानं मान हलवली. मी गप्प बसले. फुकट मिळालेला मान परत करायला मी काही वेडी नाही.

मग बापूंनी सांगितलं, “आठवडाभर मजा करा. पाऊस नाही, काही नाही. मोबाइलवर बघितलंय.”

“सरी, सरी,” मी म्हटलं. म्हणजे बरं, बरं.

“सरीसुद्धा नाहीत,” बापू म्हणाले. “एक थेंब नाही.”

ओंकारला ठसका लागला. त्याला कन्नड येतं. पण खरा धक्का या सगळ्यात नव्हता. खरा धक्का हात धुताना बसला. मागून रश्मी आली आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, “आई, तुला टॉवेल देऊ का?”

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, ती शैलावैनींना विचारते आहे. पण वैनी तर स्वयंपाकघरात होत्या. जन्मल्यापासून ही मुलगी मला अम्मा म्हणते. बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द अम्मा. आणि आता ही आई कोण? टॉवेल माझ्या हातात देऊन ती माझ्या नजरेला नजर न देता निघून गेली.

विहिरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला पांढरे जाळीदार दोसे आले. मी आनंदानं ओरडणार होते, “दोसे!”, तेवढ्यात वैनी म्हणाल्या, “घावणे. रसात बुडवून खा.” मी चटणी शोधत होते. रस म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ. दोशाबरोबर गोड दूध! ह्यांनी एक घास घेतला आणि छताकडे बघत बसले. आमच्याकडे दोशाबरोबर कोणी गूळ वाढला तर शेजारीपाजारी चौकशीला येतील. पण तिसऱ्या घावण्यापर्यंत आम्ही दोघंही निमूटपणे वाटीचा तळ पुसत होतो, हेही खरं. कॉफीचं नाव मात्र त्या घरात काढायची सोय नव्हती. सकाळी कोरा चहा मिळे, तोही असा उकळता, की आधीच उकडलेल्या माणसाला आतूनही उकडावं.

न्याहारीनंतर मी रश्मीला विहिरीवर गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

“काय गं, मी तुझी आई कदून झाले?” मी विचारलं. कदून म्हणजे कधीपासून, असं आमच्याकडे म्हणतात.

“हळू, अम्मा.” ती इकडेतिकडे बघत म्हणाली. “त्यांना वाटंल आपण मराठी न्हाय. अम्मा म्हटलं की कन्नडच वाटतं सगळ्यांना.”

“मग वाटू दे की. ओंकारनं सांगितलं काय तुला असं?”

“न्हाय, त्याला काय माहीत न्हाय. मीच शिकले. ऑफिसात पुण्याच्या पोरी हायत ना, त्यांच्यासंग रोज बोलून बोलून. ‘हाय’ न्हाय, ‘आहे’. ‘न्हाय’ न्हाय, ‘नाही’.” तिचे डोळे भरून आले. “अम्मा, त्या दोनदा विचारल्यात फोनवर. एक आठवड्याचा तर प्रश्न हाय. संभाळून घे की.”

माझा संताप झाला होता आणि तिची दयाही आली. घरात बोलायची भाषा ही पोर एखाद्या परीक्षेसारखी पाठ करून आली होती, आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. “सरी,” मी म्हटलं, आणि बादली उचलली. पण आई ही हाक माझ्या कानाला दिवसभर टोचत राहिली.

त्या घरात पाहुण्यांनी कामाला हात लावायचा नाही, हा एक नियम होता. आमच्याकडे पाहुणी आली की निदान भाजी चिरायला बसते, गप्पा तिथंच होतात. इथं मी विळीकडे बघितलं तरी वैनी म्हणायच्या, “नका हो, बसा तुम्ही.” मग मी पडवीत बसून खळं बघत असे. खळ्यात पसरलेली होती सोलं. रातांबे म्हणजे कोकमाची लालबुंद फळं. ती फोडून बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, काळीकुट्ट होईपर्यंत. मग त्यांना सोलं म्हणायचं, आमसुलं म्हणायचं. एवढं मोठं खळं, पण पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे प्लास्टिकचे कागद, चटया, सुपं, आणि त्यांवर ती सालं.

“इतकी लागतात वर्षाला?” मी बापूंना विचारलं.

बापूंनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली केला. “दरवर्षी एवढी नसतात. ह्या वर्षी दुप्पट घातलीहत. कार्य असलं की सोलकढी नको? ती बोलायची नाही तुम्हाला. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

मला एकदम उभं राहावंसं वाटलं! म्हणजे होकार खळ्यात वाळत पडला होता. मी ते रश्मीला सांगितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

दुपार

तिसऱ्या दिवशी दुपारी बापू आमच्या ह्यांना आणि मुलांना घेऊन वेंगुर्ल्याच्या बाजारात गेले. मी उकाड्यानं इतकी हैराण झाले होते, की गाडीत बसायचीही ताकद नव्हती. घरी मी आणि शैलावैनी. त्या आत काहीतरी वाटत होत्या. मी पडवीच्या पायरीवर पदरानं वारा घेत बसले होते. वारा मुळीच नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं.

आणि मग मला ते दिसलं. समुद्राकडे सगळं स्वच्छ होतं, पण मागच्या डोंगरावर एक काळा ढग उभा राहिला होता. काळाभोर, खाली वाकलेला. मला अगदी घरची आठवण झाली. आमच्याकडे एप्रिलात दिवसभर तापतं आणि मग चारच्या सुमाराला असं भरून येतं. गल्लीतली सगळी बायकामुलं गच्चीवर धावतात आणि एकमेकांना ओरडून सांगतात. तो सणच असतो आमचा. त्या आनंदात मीही ओरडले.

“वैनी! मोड आलंय!”

आतून वैनींचा खुशीचा आवाज आला. “आले? बरा झाला! उद्या उसळ करू.”

उसळ? मी म्हटलं असेल, पावसाच्या दिवशी इथं उसळ खात असतील. गरम गरम. आम्ही नाही का भजी करत?

“लई मोठं हाय, वैनी!” मी पुन्हा ओरडले. “काळंभोर!”

पाटा थांबला. “काळे?” वैनी घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. “काळे कशे पडले? बघतंय थांबा.” आणि त्यांची पावलं पुढच्या दाराकडे यायच्या ऐवजी मागच्या दाराकडे गेली.

आता मी सगळ्यांना समजावून सांगते, म्हणजे मला कोणी अगदीच बावळट समजू नये. ढगाला कन्नडात मोड म्हणतात. आमच्या घरात, माझ्या आजीपणजीपासून, ढगाला मोडच म्हणतात. ढग हा शब्द मला माहीत आहे, मी तो पुस्तकात हजारदा वाचलाय, आत्ताही लिहितेच आहे. पण आनंदात तोंडातून पुस्तक येत नाही. आणि वैनींनी मागच्या पडवीत मूग भिजवून फडक्यात बांधून ठेवले होते, त्यांना मोड कधी येतात याची त्या सकाळपासून वाट बघत होत्या. आता मला सांगा, यात चूक कोणाची?

सोलं उचलायला हवीत, हे मला कळत होतं. पण हात लावायचा नाही हा नियम होता, आणि वैनी बघते म्हणाल्या होत्या. शिवाय आमच्याकडचा पाऊस मोड आल्यावर चांगला तासभर विचार करतो, कधी कधी विचार बदलून निघूनही जातो. इथल्या पावसाला विचार करायची सवयच नाही! मी पदर खोचून उभी राहते आहे, तोवर वाऱ्याचा एक सपाटा आला, सुपं उलटीपालटी झाली, आणि पाठोपाठ पाऊस कोसळला. थेंब कसले, गोटेच.

“वैनी! पाऊस!” हा शब्द तरी दोघींचा सारखा होता. वैनी हातात मुगाचं फडकं घेऊनच धावत आल्या. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांनी फडकं तिथंच टाकलं आणि खळ्यात उडी घेतली. मीही घेतली. एक चटई मी ओढली, एक त्यांनी ओढली, पण वाऱ्यानं कागद डोक्यावरून उडत होते. सोलांचा रस पावसात मिसळला आणि आख्खं खळं लाल झालं. लाल पाणी फाटकाकडे वाहायला लागलं. सारवलेल्या जमिनीवर माझा पाय सटकला आणि मी त्या लाल पाण्यात सपशेल आडवी झाले.

त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून रश्मी धावली.

“अम्मा! अम्मा, पडलीस काय गं? कुठं लागलं? ऊठ, ऊठ, मी हाय न्हवं! अम्मा, बोल की गं!”

लाल पाणी बघून तिला वाटलं रक्त आहे. ती माझं डोकं चाचपत होती, हात चाचपत होती, आणि तोंडानं नुसतं अम्मा, अम्मा. मला काही झालं नव्हतं, कंबर तेवढी दुखावली होती. मी वर बघितलं. शैलावैनी भिजून चिंब, हातात ओल्या सालांचं एक सूप घेऊन उभ्या होत्या आणि आमच्या दोघींकडे टक लावून बघत होत्या.

त्यानंतर

पाऊस जसा आला तसा गेला. पडवीत सगळे ओलेते बसलो. ओंकारनं मोड या शब्दाचा उलगडा केला, आणि करता करता त्याला हसू फुटलं, पण आईकडे बघून त्यानं ते गिळलं. बापू म्हणाले, “हात्तीच्या! आम्ही मळब म्हणतो. ढग म्हटलं असतंत तरी चाललं असतं.” वैनी एकेक साल पिळून बघत होत्या आणि बाजूला टाकत होत्या.

“वैनी, माझं चुकलं,” मी म्हटलं.

“नाय हो,” त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

माझा तर धीरच सुटला. मराठी आहोत म्हणून दोनदा सांगितलं होतं, आणि माझ्या मराठीनं त्यांचा वर्षाचा जिन्नस वाहून नेला होता. वाहून गेलेलं काय होतं, हेही मला ठाऊक होतं. मोबाइलवर मात्र अजूनही तोच पिवळा गोल सूर्य होता. ह्यांनी तो मला दाखवला, तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवला.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रश्मी पुन्हा आई म्हणायला लागली, आधीपेक्षाही स्पष्ट, शब्द दाबून दाबून. “आई, तू बस ना. आई, तुला पाणी हवं आहे का?” वैनी तेवढ्यापुरतं वर बघत आणि पुन्हा कामाला लागत. वाचलेली सोलं त्यांनी पुन्हा वाळत घातली, आणि या वेळी मी न विचारता शेजारी जाऊन बसले. त्यांनी नको म्हटलं नाही. दोघींचे हात लाल झाले. पण बोलणं एका अक्षरानं पुढे गेलं नाही. त्या नुसत्या कसल्या तरी विचारात होत्या. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता, संध्याकाळी त्याचा आवाज यायचा, पण बघायला जाऊ या असं कोणाच्या तोंडातून निघालं नाही.

निघताना

शेवटच्या दिवशी बॅगा पडवीत आणून ठेवल्या. गाडी काढायला ओंकार उठला, तशी वैनी म्हणाल्या, “थांब रे. सांगतंय म्हटलेला, तां सांगूक होया.”

सगळे जागच्या जागी थांबले. रश्मीचा रंग उडाला.

“माझी सोलं गेली म्हणून मी रागावलंय, असं तुम्हाला वाटतं ना?” वैनी मला म्हणाल्या. “सोलांचं काय, झाडावर रातांबे अजून हायत. ते माझ्या मनातही नाही.” मग त्या रश्मीकडे वळल्या. “तू पडलेल्या आईला काय हाक मारलीस गो?”

रश्मी खाली बघत म्हणाली, “अम्मा.”

“आणि बाकीचे दिवस आई कित्याक म्हणत होतीस?”

रश्मीच्या हनुवटीवरून पाणी टपकायला लागलं.

“मी दोनदा विचारलं, मुलगी मराठी ना,” वैनी म्हणाल्या. “ते माझं चुकलं. मला आपली भीती, की सून घरात आली आणि बोलायलाच नाही आलं तर? पण माझ्या घरात यायचं म्हणून पोरीनं आपल्या आयशीचं नावच बदललं? माझा जीव गेला तां बघून! उद्या माझा झिल, हा ओंकार, कोणापुढे मला आई म्हणायला लाजला, तर मला कसं वाटेल? मी चार दिवस तोच विचार करतंय. जी मुलगी आई, आई करत फिरत होती, तिला मी सून करून घेणार नाही. मला ती नको.”

ह्यांनी खांब धरला.

“त्या पावसात जी धावत इली,” वैनी म्हणाल्या, “माका ती होया. ती येणार असेल तर माझा होकार.”

मग रश्मी रडत, हसत माझ्याकडे वळली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या भाषेत म्हणाली, “अम्मा, सांग की यांना, आमच्यात सासूला काय म्हणतात ते.”

“अत्ते,” मी कशीबशी म्हटलं.

“अत्ते?” वैनींनी डोळे पुसत विचारलं. “म्हणजे आत्या? बापाची बहीण?”

“होय. आत्यालाही अत्ते आणि सासूलाही अत्ते. आमच्यात दोघींना एकच हाक.”

वैनींनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे खांबाला धरून उभे होते. आठवडाभरात या माणसानं कोकणातलं मराठी ऐकून घाबरून जेमतेम चार वाक्यं उच्चारली असतील.

“मी हिची आत्या झाले,” वैनी म्हणाल्या, “तर हे माझे थोरले भाऊ झाले.” आणि पदर डोक्यावर घेऊन त्या सरळ पुढे आल्या आणि वाकून ह्यांच्या पाया पडल्या.

मी तोंडावर हात ठेवला. वरमाईनं मुलीच्या बापाच्या पाया पडायचं! आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे नाही, कुठंच असं मी ऐकलं नव्हतं. बापूही “अगो, अगो” करत राहिले. आमचे हे दचकून एक पाऊल मागे सरले, त्यांना काय करावं ते सुचेना, आणि मग ते स्वतःच खाली बसले, वैनींच्या समोर, जमिनीवर.

“उठा अक्का,” ते म्हणाले. आमच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. “मला बहीण न्हवती.”